कर्नाळ्याचा दगड आणि डोडोचं बेट

(ही एपिसोडची लिखित आवृत्ती आहे. बोलताना जे अडखळणं होतं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज आपण पनवेलपासून सुरू करून विषुववृत्ताच्या पलीकडे जाणार आहोत, आणि परतही यायचंय.

गणपतीला गावी जाणारा प्रत्येक जण एक दृश्य बघतोच. पनवेल सोडलं, पळस्पे फाटा गेला, गाडी ट्रॅफिकमध्ये रांगायला लागली की डावी-उजवी करत समोर एक अंगठा दिसतो. कर्नाळ्याचा सुळका. तो दिसला की आजी हात जोडते, पोरं फोटो काढतात, ड्रायव्हर म्हणतो, "चला, आता कोकण." क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके इथल्याच शिरढोणचे, जन्म १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मी आज विचारणार आहे तो प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. हा दगड आला कुठून?

तो सुळका बेसाल्टचा आहे. आपण ज्याला काळा कातळ म्हणतो तो. तुमच्या सोसायटीच्या पायात जी खडी पडलीय ती त्याचीच, घारापुरीची लेणी कोरली तीही त्यातच. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. कर्नाळ्याच्या आजूबाजूचा कमी टणक भाग लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेला आणि हा अंगठा उरला. म्हणजे एके काळी इथे आग होती, हे ठरलं. ती आग गेली कुठे?

विझली नाही ती. आजच्या एपिसोडचं खरं कारण हेच आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते आपल्या दख्खनची ती आग आजही जळतेय, फक्त पत्ता बदललाय. ती आता रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, त्याच्याही पूर्वेला भर समुद्रात तीन बेटं आहेत: रियुनियन, मॉरिशस आणि रॉड्रिग्ज. तिघांना मिळून मास्कारेन बेटं म्हणतात. रियुनियनवरचा पीतों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वात सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. उंची २६३२ मीटर. एप्रिल २००७ मध्ये त्याच्या माथ्याचा मधला भाग एवढा खचला की तिथे तीनशेहून जास्त मीटरचा खड्डा पडला. तो डोंगर उसळताना दिसला तर समजा, पनवेलच्या दगडाची चूल अजून पेटलेली आहे.

थोडं सावकाश सांगतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. तो स्वतःच एक भलंमोठं बेट होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण आज रियुनियन जिथे आहे त्या अक्षांशाच्या आसपास. रियुनियन २१ अंश दक्षिणेला, पनवेल आज १९ अंश उत्तरेला. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त दगडाचा एक स्रोत तिथे खाली होता, त्याला हॉटस्पॉट म्हणतात. स्रोत जवळपास जागच्या जागी, आणि वरची जमीन सरकतेय. मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला तर काळा पट्टा उमटतो ना, तसं. भारत मेणबत्तीवर आला तेव्हा लाव्हा डोंगराच्या तोंडातून कमी आणि जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून जास्त बाहेर आला. थरावर थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन त्याखाली आहे. सह्याद्रीला ज्या पायऱ्या दिसतात ते हेच थर, आणि म्हणूनच याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का, जिन्याच्या पायरीसाठीचा एक स्वीडिश शब्द आहे, त्यावरून आलंय ते.

हे सगळं सलग एका दमात झालं नाही. दोन लाव्ह्यांच्या मध्ये शांततेचे काळ असायचे. तळी साचायची, झाडं यायची. वरळीच्या टेकडीत अशाच मधल्या थरात एकोणिसाव्या शतकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. १८४७ हे साल लक्षात ठेवा, आज ते परत परत येणार आहे.

आणि पनवेलचं नाव या विषयात फार मोठं आहे, पनवेलकरांनाच ठाऊक नसतं. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर जवळपास आडवे आहेत. पण पनवेलच्या आसपास ते वाकतात आणि पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने उतरते होतात. शंभरहून जास्त किलोमीटर लांबीची ही वाकण आहे आणि जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत तिला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ साली पश्चिम भारतातल्या लाव्ह्याच्या भिंतींवर, म्हणजे डाइकांवर लिहिताना तिची चर्चा केली. हे ऑडेन म्हणजे प्रसिद्ध इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे सख्खे भाऊ. कवीचा भाऊ आपल्या खडीत काय शोधत होता? तर फाटल्याची खूण. भारताचा पश्चिम काठ तुटला, सेशेल्सचा तुकडा वेगळा होऊन मागे राहिला, आणि तुटताना जमीन वाकली. ती वाकण पनवेलमध्ये आहे.

मग भारत उत्तरेला निघाला. भूशास्त्राच्या हिशेबाने सुसाट, म्हणजे वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. मेणबत्ती मागे राहिली आणि कागदावर पट्टा उमटत गेला: लक्षद्वीप, मालदीव, छागोस. आज तिथे वर प्रवाळ दिसतं, पण तळाशी बुडालेले ज्वालामुखी आहेत. मग समुद्राच्या तळाची मधली भेग या मेणबत्तीवरून सरकली, आणि पुढचे ठसे आफ्रिकेच्या बाजूच्या तळावर पडायला लागले. मॉरिशसचे सर्वात जुने खडक ८० ते ९० लाख वर्षांचे, रियुनियन त्याहून खूपच लहान. या सगळ्या सिद्धांतावर शंभर टक्के एकमत नाही, लाव्हा एवढा का आला यावर वाद आहेत. पण पट्टा आहे, त्यावरची वयं उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी होत जातात, आणि त्याची एक बाजू पनवेलला टेकलेली आहे.

थोडक्यात, कर्नाळा हा थोरला आणि मॉरिशस धाकटा. दोघांत साडेपाच कोटी वर्षांचं अंतर.

आता धाकट्याच्या घरी जाऊ.

समजा समुद्रातून नुकतं वर आलेलं बेट आहे. काळा कातळ, वाफ, बाकी काही नाही. जवळची मोठी जमीन मादागास्कर, तीही आठशे-नऊशे किलोमीटरवर. तिथे जीव पोचणार कसा? उडून, वाऱ्याने, किंवा वाहत. म्हणून अशा बेटांवर जमिनीवरचे सस्तन प्राणी नसतात. मांजर, उंदीर, माकड, हरीण काही नाही. मॉरिशसवर सस्तन म्हणजे फक्त वटवाघळं, कारण ती उडतात. पण मोठी कासवं मात्र होती, जमिनीवरची, माणसाला पाठीवर घेतील एवढी. कासव समुद्र कसं पार करणार, असं वाटतं ना? डिसेंबर २००४ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर एक महाकाय कासव समुद्रातून चालत बाहेर आलं. पायांवर शंख-शिंपल्यासारखे जीव चिकटलेले. ते शेकडो किलोमीटर दूरच्या आल्दाब्रा बेटाच्या जातीचं होतं, आणि जिवंत होतं. लाखो वर्षांत असं एकदा-दोनदा झालं तरी पुरे.

आणि एक कबुतर आलं. आशियाच्या बाजूने. डोडोचा सर्वात जवळचा हयात नातलग आपल्या निकोबारमधलं कबुतर आहे, हे २००२ साली डीएनए तपासून सिद्ध झालं. बेटावर खाली पडलेली फळं मुबलक, मागे लागणारं कुणी नाही. मग उडायचं कशाला? पंख आखडले, अंग वाढलं, घरटं जमिनीवर, आणि भीती नावाची गोष्टच उरली नाही. लोक डोडोला बावळट म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या घरात कधी चोर आला नाही त्या घराला कुलूप नसतं, त्यात बावळटपणा कसला?

झाडंही तशीच. बेटावर आबनुसाचं घनदाट जंगल होतं. आबनूस म्हणजे काळं, जड, महाग लाकूड. आपल्या टेंभुर्णीचा भाऊबंद तो, एकाच कुळातला. कासवं फळं खायची, बिया दूर नेऊन टाकायची, जंगल पसरायचं. हे सगळं माणूस न बघता चालू होतं.

सप्टेंबर १५९८ मध्ये डच जहाजं आली. त्याआधी अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट माहीत होतं, पण कुणी राहिलं नव्हतं. डचांनी आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं नाव दिलं. १६३८ पासून वस्ती. शाळेच्या पुस्तकात असं असतं की त्यांनी डोडो खाऊन संपवले. डच खलाशांच्या नोंदी वेगळं सांगतात, त्यांना ते मांस फारसं आवडलंच नाही. खरे मारेकरी त्यांच्याबरोबर जहाजातून उतरले: उंदीर, डुकरं, माकडं. जमिनीवर एकच अंडं, राखायला कुणी नाही. १६६२ साली एका छोट्या उपबेटावर दिसलेले डोडो ही शेवटची सर्वमान्य नोंद. वस्ती सुरू झाल्यापासून जेमतेम पंचवीस वर्षं.

यात आपला एक धागा आहे. काही डोडो जहाजातून बाहेर नेले गेले आणि त्यातले काही भारतात आले. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, साल १६२८ नंतरचं. आणि जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेलं एक चित्र आहे, त्यात इतर पक्ष्यांमध्ये मधोमध डोडो उभा आहे. अंगाची ठेवण, रंग, सगळं नीट बघून काढल्यासारखं. जिवंत डोडो बघून काढलेल्या चांगल्या चित्रांत त्याची गणना होते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपास सुरतेत जिवंत डोडो फिरत होता. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन दिवस तीच सगळ्यांना सांगत होतो, घरचे कंटाळले.

डच १७१० मध्ये निघून गेले, फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. आता आपली माणसं येतात.

आधी कैदी. बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला नेले जायचे. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन बेटावर उतरला तेव्हा त्याने हे भारतीय कैदी पाहिले आणि त्यांच्या शांत, रुबाबदार वागण्याचं कौतुक लिहून ठेवलं. १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. नोव्हेंबर १८३४ मध्येच 'ॲटलस' जहाज कोलकात्याहून करारावरचे ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचलं होतं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून जास्त भारतीय त्या बंदरावर उतरले. ती जागा म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा स्थळ. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटायची आणि त्यात कोकण आणि देशावरची मराठी माणसं होती. रत्नागिरीकडची विशेष.

त्यांना काय काम होतं माहीत आहे? ऊस लावायचा, तोडायचा, हे तर आहेच. पण मॉरिशसची जमीन म्हणजे मातीत रुतलेले काळे धोंडे. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. हाताने वेचलेल्या दगडांच्या राशी आजही तिथे उसाच्या शेतांत मधोमध उभ्या दिसतात, काही घराएवढ्या उंच. फोटो शोधा, सापडतील. काळा बेसाल्ट. कोकणातल्या कातळावरून उठलेला माणूस साडेचार हजार किलोमीटरवर जाऊन पुन्हा तोच कातळ उचलत होता, त्याच चुलीतला. त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी पाठीचं दुखणं कमी झालं नसतं म्हणा.

आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं. कारण याच काळात जंगल सर्वात वेगाने गेलं. आबनूस आधी डचांनी आणि फ्रेंचांनी कापला, पण उसासाठी डोंगर-पठारं मोकळी झाली ती एकोणिसाव्या शतकात. आज चांगल्या स्थितीतलं मूळचं जंगल बेटाच्या २ टक्क्यांहून कमी उरलंय. कुऱ्हाड ज्यांच्या हातात होती त्यात आपलीही माणसं होती. हुकूम मळेवाल्यांचा, नफा मळेवाल्यांचा, करार मोडला तर तुरुंग. त्यामुळे दोष त्यांच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. पण मराठी माणूस मॉरिशसला कसा पोचला याच्या अभिमानाच्या गोष्टी सांगताना त्या जंगलाचं नावच न घेणं, हेही काही बरोबर नाही.

माणसांबरोबर पक्षीही गेले. आपली साळुंकी अठराव्या शतकात, १७६० च्या दशकात, फ्रेंचांनी मुद्दाम नेली, टोळ खायला. लाल गालाचा शिपाई बुलबुल १८९२ च्या सुमाराला पोचला. पोपट पिंजऱ्यातून सुटले. कावळा १९१० च्या आसपास जहाजावर बसून गेला, तिकीट न काढता. मुंगूस १९०० साली आणलं, कारण प्लेग आला होता आणि उंदीर मारायचे होते. मुंगसाने उंदीर खाल्ले की नाही देव जाणे, पक्ष्यांची अंडी मात्र नक्की खाल्ली. पनवेलचा माणूस आज मॉरिशसला उतरला आणि हॉटेलच्या गॅलरीत उभा राहिला तर त्याला एकदम घरच्यासारखं वाटेल. साळुंकी, बुलबुल, कावळा, पोपट, चिमणी. तिथल्या निसर्गाची शोकांतिका नेमकी हीच आहे की आपल्याला तिथे घरच्यासारखं वाटतं.

उलट दिशेनेही एक पाहुणा आला. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर, कुंड्यांत, मुठीएवढी मोठी गोगलगाय दिसते ना? पनवेल, नवी मुंबईत तर पहिल्या पावसानंतर त्यांचं राज्य असतं. ती मूळची आफ्रिकेची. भारतात ती १८४७ साली मॉरिशसहून आणली, विल्यम बेन्सन नावाच्या शंख-गोगलगायींच्या एका इंग्रज अभ्यासकाने, कोलकात्याला. शौक म्हणून! तिथून ती देशभर पसरली. शेतकऱ्यांना विचारा शौक काय असतो ते.

आलं का परत १८४७? अजून एकदा येणार आहे, आणि ही तिसरी गोष्ट थेट आपल्या डोंगरांची.

बेट लहान असलं की चूक लवकर दिसते. मोठ्या देशात जंगल तोडलं तर पुढच्या डोंगरावर अजून असतं. बेटावर पुढचा डोंगरच नसतो. मॉरिशसवर झरे आटायला लागले, पाऊस कमी होतोय असं वाटायला लागलं, तेव्हा पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या काळात, १७६९ मध्ये, कायदा झाला: जमिनीचा चौथा हिस्सा झाडांखाली ठेवायचा, विशेषतः उतारांवर. पर्यावरण हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी. इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी 'ग्रीन इम्पीरियलिझम' या १९९५ च्या पुस्तकात हा धागा पकडलाय. झाडं गेली की पाणी जातं, हा विचार बेटांवर पक्का झाला आणि तिथून कंपनी सरकारच्या डॉक्टर-वनस्पतितज्ज्ञांमार्फत भारतात आला, असं ते म्हणतात. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पेशाने डॉक्टर, जुन्नरजवळ हिवऱ्याला वनस्पती बाग सांभाळायचे. कोकण आणि सह्याद्रीतली झाडतोड त्यांना दिसत होती. म्हणजे ज्या वर्षी मॉरिशसची गोगलगाय भारतात आली, त्याच वर्षी मॉरिशसवर शिकलेला एक धडाही आपल्याकडे कामाला लागला.

पण हा धडा कुणाच्या पदरात काय घालून गेला हेही सांगायला हवं. 'झाडं वाचवा' म्हणणाऱ्या खात्याने पुढे जंगलावर कुंपण घातलं आणि त्यात कातकरी, ठाकूर, गावातले शेतकरी, सगळ्यांचं लाकूडफाटा आणि गवतावरचं परंपरेचं हक्काचं येणं-जाणं बंद झालं. सरकारी लिलावात लाकूड विकणं मात्र चालू. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. चिरनेर आज उरण तालुक्यात, तेव्हा पनवेल तालुक्यात. अक्कादेवीच्या डोंगरावर हजारो लोक जंगलात शिरले, गोळीबार झाला, माणसं मेली. गावात हुतात्मा स्मारक आहे, बाईकवरून जाताना थांबा एकदा. झाड वाचवायचं की माणसाचा हक्क, असं भांडण लावून देण्याची सवय जुनी आहे.

परत बेटावर. कारण तिथली गोष्ट शोकसभेवर संपत नाही.

१९७४ मध्ये मॉरिशसच्या केस्ट्रल या छोट्या ससाण्याचे माहीत असलेले पक्षी होते फक्त चार. चार! जगभरात. जंगल नाही, माकडं आणि मुंगसं अंडी खातात, वरून मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण तिथे गेला. प्रकल्प गुंडाळायची तयारी होती. त्याने काय केलं? मादीने घातलेली पहिली अंडी उचलली आणि कृत्रिम उबेत वाढवली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, म्हणजे एका हंगामात दुप्पट पिल्लं. घरट्यासाठी अशा पेट्या लावल्या की माकड शिरणार नाही. आज ते पक्षी शेकड्यांत आहेत. अजूनही धोक्यातच, पण आहेत. गुलाबी कबुतराचंही तसंच, १९९० च्या सुमाराला जंगलात दहाएक उरले होते, आता काहीशे. सुरुवातीला बऱ्याच तज्ज्ञांनी जोन्सला वेड्यात काढलं होतं, एवढ्या कमी पक्ष्यांवर पैसे घालवू नका म्हणून.

आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट कासवांची. इल ओ एग्रेत म्हणून एक चिमुकलं बेट आहे, मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याला लागून, जेमतेम २५ हेक्टर. तिथे थोडा आबनूस उरला होता, पण नवी रोपं जुन्या झाडांच्या पायाशीच पडून मरायची. बी नेणारं कुणी नाही, कारण मूळची कासवं दोन-तीनशे वर्षांपूर्वीच जहाजांवरच्या स्वयंपाकात संपली. मग २००० पासून तिथे आल्दाब्राची कासवं सोडली, दुसऱ्या जातीची. बदली शिक्षक म्हणा ना! त्यांनी आबनुसाची फळं खाल्ली, बिया बेटभर टाकल्या, आणि कासवाच्या पोटातून गेलेल्या बिया जास्त चांगल्या रुजल्या. जिथे आबनूस संपला होता तिथे रोपं उभी राहिली.

याच्याशी मिळतीजुळती डोडोची एक गोष्ट तुमच्या व्हॉट्सॲपवर आली असेल: एक झाड फक्त डोडोच्या पोटातूनच बी गेलं तर रुजायचं, डोडो गेला आणि झाड संपलं. १९७७ साली एका शास्त्रज्ञाने तसं मांडलं होतं खरं, पण नंतर तीनशे वर्षांहून तरुण झाडं सापडली. त्यामुळे ती फॉरवर्ड करू नका. कासवांची करा, ती खरी आहे.

मग जुलै २०२०. जग घरात बसलेलं. २५ तारखेला 'वाकाशिओ' नावाचं मोठं मालवाहू जहाज याच आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल निळ्या खाडीत पसरलं. इल ओ एग्रेत अगदी समोर. संवर्धनवाल्यांनी तिथली दुर्मीळ रोपं आणि सरडे उचलून हलवले. आणि किनाऱ्यावर हजारो लोक जमले. तेल अडवायला तरंगती अडसरं लागतात, ती पुरेशी नव्हती. मग लोकांनी कापडी नळ्या शिवल्या आणि त्यात भरलं काय, तर उसाचं पाचट. केस कापून दिले, कारण केस तेल शोषतात. त्या गर्दीत करारावर आलेल्या मजुरांचे पणतू-खापरपणतू होते, गुलामांचे वंशज होते, सगळे होते. ज्या उसासाठी जंगल गेलं त्या उसाचं पाचट भरून ते लोक उरलेलं वाचवायला उभे होते.

महिन्याभराने तिथे गणेश चतुर्थी झाली असेल, मॉरिशसमध्ये त्या दिवशी देशभर सुट्टी असते. तिथल्या मराठी घरांत आजही गणपती बसतो आणि समुद्रात विसर्जन होतं.

आता परत थोरल्याच्या अंगणात. कर्नाळा अभयारण्य १९६८ चं, महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. आधी साडेचार चौरस किलोमीटरच्याही आत होतं, नंतर वाढवून १२.११ झालं. नकाशा उघडून सॅटेलाइट व्ह्यू बघा. उत्तरेला पनवेल वाढतंय, मधून मुंबई-गोवा हायवे गेलाय, आणि मध्ये एक हिरवा ठिपका. चहूबाजूंनी समुद्र नाही, पण बेटच ते. शेजारी उलव्याची नव्वदएक मीटरची टेकडी होती, त्याच लाव्ह्याची. विमानतळासाठी ती कापून सपाट केली आणि नदीचा प्रवाह वळवला. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही, मीही त्या विमानाने जाणार आहे. पण सहा कोटी वर्षं टिकलेला डोंगर काही वर्षांत संपतो हे डोळ्यांनी बघायला मिळालं, एवढं खरं.

कर्नाळ्याला जायचं असेल तर सकाळी गेट उघडताच पोचा. बारानंतर पक्षी दिसत नाहीत, पिकनिकवालेच दिसतात. स्पीकर नेऊ नका, गेटवर पिशव्या तपासतात. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर आणि दगडफेक दोन्ही टाळा. आणि वर पोचल्यावर त्या कातळाला एकदा तळहात लावून बघा, दुपारी गेलात तर तो चांगलाच तापलेला असतो.

पुढच्या भागात फडक्यांच्या मागे एडनला जाऊ. ते जुनं शहरही एका विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात वसलंय, योगायोग बघा. तोवर हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याला गोगलगाईंचा राग येतो. भेटू.